पांढरा पडलेला बाण

मित्रांनो, आधी मला नीट हातात घ्या. एक डोळा मिटा आणि शेपटाकडून टोकाकडे बघा. आहे ना सरळ? मी एक लाकडी बाण आहे. वयाने जुना, अंगाने सडपातळ आणि स्वभावाने थोडा आगाऊ. माझ्या वयाचे बाकीचे बाण कधीच मोडले, गवतात हरवले किंवा भंगारात गेले. मी मात्र अजून उडतो आणि सांगितलं तिथे जाऊन लागतो. ही फुशारकी नाही. बरं, थोडी आहे. पण मधली दोन वर्षं मी वाकडा होतो, डागाळलेला होतो आणि एका कुंडीत उभा होतो, हेही मी लपवणार नाही.

माझा जन्म एका दोरीने बांधलेल्या जुडीत झाला. जुडीत शंभर गोल काठ्या होत्या आणि आम्ही सगळे स्वतःला बाण समजत होतो. ते ठरवणारी होती ताई. ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करते. दिवसभर केसाएवढा फरक शोधायचा, म्हणजे संध्याकाळी घरी आल्यावर तो डोळा काही बदलत नाही. तिने एकेक काठी टेबलावर घरंगळत सोडली. जी थडथडली ती बाजूला. मग प्रत्येकीला मधोमध वजन टांगून किती वाकते ते पाहिलं आणि छोट्या काट्यावर तोललं. शंभरातून बारा निवडले आणि त्यातला बारावा मी. तेव्हापासून मी ताठ मानेने वागतो.

पुढे ताईने आमची दोन्ही टोकं पेन्सिलीसारखी निमुळती केली. पुढच्या टोकावर लोखंडी अणी बसते आणि मागच्या टोकावर धनुष्याची दोरी अडकवायची खाचेची टोपी. पण अणी, टोपी आणि पिसं बसायच्या आधी अंगावर रोगण चढावं लागतं. कोरडं लाकूड तहानलेलं असतं, मित्रांनो. दमट हवा प्यायलं की फुगतं, फुगलं की वाकतं आणि वाकलेला बाण आपल्या मनाला येईल तिकडे जातो. म्हणून रोगण. आणि रोगणाचा विषय निघाला की त्या घरात बोलायचा मान एकट्या बाबांचा.

ताईचे बाबा लाकडी सामानाला पॉलिश करतात. खाली त्यांचं दुकान, वर घर. लोक त्यांना 'आरसेवाले' म्हणतात. एका गिऱ्हाइकाने म्हणे त्यांच्या टेबलात बघून भांग पाडला होता. ही गोष्ट बाबा स्वतःच सांगतात, आणि दर वेळी त्या गिऱ्हाइकाचे केस वाढलेले असतात. त्यांचा जीव लाखेच्या पॉलिशवर. लाखेचे पातळ पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवायचे, मलमलीत कापसाचा बोळा बांधायचा आणि हातावर हात चढवत जायचं. पॉलिशवाल्यांच्या भाषेत रोगणाचा एक थर म्हणजे एक हात.

"माझ्या पोरीचे बाण आहेत. दुसऱ्या कुणाचं रोगण त्यांच्या अंगाला लागणार नाही," असं जाहीर करून बाबांनी आम्हा बारा जणांना दहा-दहा हात दिले. काय रूप आलं म्हणून सांगू! मधाच्या रंगाचं लाकूड आणि त्यावर खिडकीचा उजेड लख्ख. बाबा येईल त्या गिऱ्हाइकाच्या हातात आम्हाला देत होते. एक बाई खुर्चीची चौकशी करायला आल्या होत्या, त्या बिचाऱ्या अर्धा तास बाण बघून गेल्या. मला तर वाटलं, आता लक्ष्यावर जायची गरजच काय, लक्ष्यच आपल्याला भेटायला येईल.

मग निवड स्पर्धा आली. लाकडी धनुष्यबाणांच्या संघात चार जागा होत्या आणि ताईला त्यातली एक हवी होती. हवी म्हणजे किती हवी? सहा वर्षं ती कामावरून सुटली की पाठीवर धनुष्य घेऊन मैदानावर जायची. मैत्रिणींच्या लग्नांना उशिरा पोचायची. नियम असा की स्पर्धेच्या आधी बारा बाण पंचांना दाखवायचे, त्यांच्यावर क्रमांक घालायचे आणि दोन्ही दिवस तेच वापरायचे. बदली बाण चालत नाही. पहिल्या दिवशी ऊन होतं आणि आम्ही झकास उडालो. दुसऱ्या दिवशी सकाळपासून भुरभुर लागली.

पुढचं सांगताना मला आजही लाज वाटते. ओल्या गवतातून आणि ओल्या लक्ष्यातून निघून आम्ही भात्यात परत गेलो, तेव्हा अंगावर पांढरे ढग उमटले होते. लाखेला पाणी सोसत नाही. दुपारपर्यंत आम्ही चिकट झालो आणि संध्याकाळपर्यंत आतलं लाकूड फुगलं. ताईचा नेम बरोबर होता हो! मी दोरीवर होतो, मला ठाऊक आहे. तिने मधोमध सोडलं आणि मी वीतभर डावीकडे गेलो. दोन गुणांनी ताई पाचवी आली.

घरी बाबा जिन्यातच उभे होते. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

"वारा होता, बाबा. नेम चुकला माझा," ताई म्हणाली.

"आणि बाण?"

"बाण छान होते," ती म्हणाली आणि आत गेली. आम्हाला तिने एका खोक्यात घालून गॅलरीत ठेवलं. बाण मैदानावरच्या कपाटात आहेत असं बाबांना सांगितलं. बाबांच्या चेहऱ्यावरची ती ऐट मोडायचं तिच्या जिवावर आलं होतं. पण त्यापायी तिने नेमाचा दोष स्वतःवर घेतला, आणि गंमत म्हणजे हळूहळू तिला ते खरंही वाटायला लागलं. त्या वर्षभरात ती लक्ष्यासमोर दोरी ओढायची आणि बाण न सोडताच परत सैल करायची. पुढच्या निवडीला ती गेलीच नाही.

गॅलरीचं राज्य आईचं. तिथे तिची टोमॅटोची रोपं होती आणि एका रोपाला आधार हवा होता. तिने खोक्यात हात घातला, हाताला मी लागलो. "सरळ नाहीस, पण चालेल," असं म्हणून तिने मला कुंडीत खुपसलं आणि रोप सुतळीने माझ्या कमरेला बांधलं. शंभरातून निवडलेला मी! दोन वर्षं पाणी, चिखल, ऊन. टोमॅटो मात्र उत्तम लागले, ते श्रेय मी सोडत नाही. बाकीचे अकरा एक दिवस खोक्यासकट भंगारात गेले.

एका सकाळी बाबा गॅलरीत आले. एरवी ते तिकडे फिरकत नसत, पण खाली दुकानात रंग ढवळायची काडी तुटली होती आणि त्यांना तेवढ्यापुरती एखादी काटकी हवी होती. त्यांनी मला उपटलं, चिखल पुसला आणि ते थांबले. अंगठा माझ्या अंगावरून फिरला. बोटांना स्वतःचं काम कळतं, मित्रांनो. त्यांनी मला उजेडात धरलं. पांढरे डाग, उडालेले पोपडे आणि शेपटाजवळ अजून शाबूत असलेलं बोटभर सोनेरी पॉलिश.

"हा इथे कसा?" त्यांनी आईला विचारलं.

"टोमॅटोला लावलाय," आई म्हणाली. मग त्यांच्या तोंडाकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "मला विचारू नका. तुम्ही दोघं एकाच मातीचे. ती सांगत नाही आणि तुम्ही विचारत नाही."

संध्याकाळी ताई कामावरून आली तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर मधोमध पडलेलो होतो. बाबा समोर बसले होते. चहा गार झाला होता.

"वारा होता म्हणालीस ना? त्या दिवशी पाऊसही होता."

ताईने मला उचललं आणि परत खाली ठेवलं.

"माझं पॉलिश पांढरं पडलं. बाण फुगले. तू पाचवी आलीस ती माझ्यामुळे. आणि दोन वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगत बसलोय की माझ्या पॉलिशचे बाण घेऊन पोरगी खेळली म्हणून!" त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. "पॉलिश फसलं याचं काही नाही गं. पॉलिश मी खरवडून परत करतो. तू खोटं बोललीस. मी एवढा का तकलादू वाटलो तुला?"

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही इतके खूश होता, बाबा. मला नाही जमलं."

आईने गार झालेला चहा उचलून नेला. शेवटी आईनेच विचारलं, "पुढची निवड कधी आहे?" दोन महिन्यांवर होती. ताई म्हणाली, मी नाव देणार नाही. बाबा म्हणाले, "नाव दे. नेम तुझा, रोगण माझं. आणि या वेळी रोगण माझ्या मर्जीचं नाही, पाण्याच्या मर्जीचं."

दुसऱ्या दिवसापासून घरात परीक्षा सुरू झाली. बाबांनी ताईच्या सरावातल्या मोडक्या बाणांचे चार तुकडे घेतले. एकाला जवसाचं तेल चोळलं, एकाला लाख लावली, एकाला व्हार्निश आणि एक तसाच कोरडा ठेवला. वाळल्यावर ताईने प्रत्येकावर एकेक पीस चिकटवलं, प्रत्येकाचं वजन लिहिलं आणि सकाळी चौघांना बाथरूममधल्या बादलीत बुडवलं.

"गॅलरीत बाण, टेबलावर बाण, बाथरूममध्ये बाण! आता कुकरला लावा म्हणजे झालं," आई म्हणाली.

संध्याकाळी निकाल लागला. कोरडा तुकडा तर टम्म फुगला होता. तेलाचा दिसायला देखणा, पण त्याचं पीस नुसतं बोट लावताच सुटून आलं, कारण तेलकट अंगावर डिंक धरत नाही. लाखेचा पांढराफटक. व्हार्निशचा मात्र जसा गेला तसा आला, वजनही जवळपास तेवढंच आणि पीस घट्ट. बाबांनी लाखेचा तुकडा बराच वेळ हातात धरला. चाळीस वर्षांची सोबत होती ती. मग म्हणाले, "टेबलाला तूच राजा. पण पावसात नको जाऊस बाबा." आणि तो तुकडा त्यांनी खिशात टाकला.

ताईने काठ्यांची नवी जुडी आणली होती, पण पहिला प्रयोग कुणावर? अर्थात माझ्यावर. ताईने माझी अणी, टोपी आणि उरलीसुरली पिसं काढली, बाबांनी स्पिरिटच्या फडक्याने माझी जुनी लाख उतरवली. मी तीन आठवडे कपाटावर वाळत पडलो. ताईने शेगडीच्या धगीवर मला थोडं थोडं गरम करून वाक काढला. तिचे अंगठे अजून तेवढेच हुशार होते. मग व्हार्निश. आणि इथे बाबांनी जी चूक केली ती फक्त एक पॉलिशवालाच करू शकतो.

पहिला हात दिला. वाळला. दुसरा दिला, तिसरा दिला. झालं होतं काम! पण बाबांना माझ्यात खिडकी दिसेना. खिडकी दिसेपर्यंत थांबायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय. चौथा, पाचवा, सहावा. सातव्या हाताला खिडकी दिसली, गजांसकट. वर त्यांनी निमुळत्या टोकांनाही मनापासून रोगण दिलं, त्यामुळे अणी बसेना आणि टोपीही बसेना. मी चकाकत होतो खरा, पण मला अंगावर दोन स्वेटर घातल्यासारखं जड वाटत होतं.

"कसा झालाय?" बाबांनी विचारलं.

ताईने मला काट्यावर ठेवलं. काट्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. "छान झालाय," ती म्हणाली.

अगं बाई, पुन्हा तेच! मला ओरडावंसं वाटलं. पण बाबांनी तिच्या हातातून काटा स्वतःकडे ओढला, चष्मा लावला आणि आकडा वाचला. "पोरी," ते म्हणाले, "छान झालाय की उडणार आहे?"

ताईने एक मोठा श्वास घेतला. "नाही उडणार. जड झालाय. नव्या जुडीतल्या बाणांपेक्षा खाली पडेल. बाबा, हा बाण आहे, जेवणाचं टेबल नाही. तुम्ही तिसऱ्या हातालाच थांबायला हवं होतं."

बाबांचे कान लाल झाले. ते उठून खिडकीपाशी गेले. आई स्वयंपाकघराच्या दारात लाटणं हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग बाबा वळले आणि म्हणाले, "काचपेपर आण. खरवडतो." आणि खरवडलं त्यांनी, दीड तास, माझं अंग सोलवटून निघेपर्यंत. मी तक्रार केली नाही. ताईचा चेहरा मोकळा झालेला मला पहिल्यांदाच दिसला.

मग खरं काम झालं. बाबांनी पाइपचा एक लांब तुकडा घेतला, खालून बूच मारलं आणि त्यात पातळ केलेलं व्हार्निश ओतलं. बाण वरून बुडवायचा आणि हळूच वर ओढायचा. पाइपच्या तोंडाशी छोटं भोक पाडलेला रबराचा तुकडा बसवला होता, त्यातून बाहेर येताना जास्तीचं रोगण पुसलं जायचं. मग कपडे वाळत घालायच्या तारेवर चिमट्याने टांगायचा. दोन हातांच्या मध्ये पूर्ण दिवस वाळवायचं आणि बारीक काचपेपर हलकेच फिरवायचा. असे तीन हात. निमुळत्या टोकांवर ताईने कागदाची पट्टी गुंडाळली होती. बाबांनी मात्र शेवटी एक गोष्ट स्वतःहून केली. टोकांच्या कापलेल्या तोंडावर त्यांनी बारीक ब्रशने एकेक थेंब लावला.

"टेबलाचा पाय कुठून सडतो माहिती आहे?" ते म्हणाले. "खालून. फरशी पुसतात ना रोज. लाकूड पाणी पितं ते टोकानेच."

हे ताईला माहीत नव्हतं. तिने लगेच वहीत लिहून घेतलं आणि बाबा उगाच दुसरीकडे बघत हसले.

ताईने नव्या जुडीतून बारा बाण निवडले होते, पण सरावात एक चिरला आणि तेवढ्याच वजनाची दुसरी काठी मिळेना. माझं वजन मात्र त्या अकरांशी तंतोतंत जुळलं. अशा रीतीने माझ्यावर पुन्हा बारा क्रमांक पडला.

स्पर्धेच्या दोन्ही दिवशी पाऊस होता. भुरभुर नाही, चांगला धो धो. मैदानावर छत्र्यांची गर्दी, पंचांच्या वहीवर प्लास्टिक. दर फेरीनंतर ताई आम्हाला ओल्या लक्ष्यातून उपटायची, फडक्याने कोरडं करायची आणि भात्यात ठेवायची. पाणी अंगावरून ओघळून जात होतं. आतलं लाकूड ठणठणीत कोरडं होतं. पहिल्या दिवशी तिने दोन-तीनदा ओढलेली दोरी बाण न सोडताच सैल केली. दुसऱ्या दिवशी सकाळी लागोपाठ तीन बाण तिने मागितलं तिथे लागले, तेव्हा ती स्वतःशीच म्हणाली, "म्हणजे नेम माझाच होता की." त्यानंतर तिने दोरी एकदाही सैल केली नाही.

शेवटच्या फेरीत शेवटचा बाण मी. चौथ्या जागेसाठी नऊ गुण हवे होते. आठ आले तर बरोबरी, सात आले तर घरी. तिने मला दोरीवर चढवलं, ओढलं, गालाला लावलं. मी तिचा श्वास ऐकला. मग सुटलो, पावसाच्या धारा कापत, सरळ. आणि लागलो. दहात लागलो असं म्हणालो असतो, पण त्या घरात आता खोटं चालत नाही. नऊमध्ये लागलो. अगदी रेघेला खेटून, पण नऊमध्ये.

पंचांनी ताईचं नाव चौथं पुकारलं. बाबा छत्री टाकून धावले. पण ताईकडे नाही, लक्ष्याकडे! परवानगी मिळताच त्यांनी मला उपटलं आणि अंगठा शेपटापासून टोकापर्यंत फिरवला. एकदा, दोनदा. पाऊस त्यांच्या चष्म्यावर पडत होता.

"पांढरा नाही पडला गं!" ते ओरडले.

"बाबा, मी संघात आले!"

"ते ऐकलं मी. आधी हा बघ, पांढरा नाही पडला!" आणि मग त्यांनी तिला जवळ घेतलं. मी दोघांच्या मध्ये चेंगरलो. ताई रडत होती, हसत होती. थोड्या वेळाने तिने मला हातात घेतलं, तिच्या त्या काचा घासणाऱ्या डोळ्यासमोर धरलं आणि जरा घुटमळली.

"बाबा, एक सांगू?"

"सांग."

"तिसऱ्या हाताला इथे ओघळ आलाय. पिसाच्या खाली."

मी श्वास रोखला. आरसेवाल्यांच्या कामात ओघळ! तेही भर मैदानात, चार लोकांसमोर! बाबांनी चष्मा शर्टाने पुसला, मला नाकापाशी नेलं, तिरकं धरलं. मग मान हलवली.

"आहे खरा," ते म्हणाले. "चल घरी. बाकीच्या अकरांतही काय काय दिसतंय ते सगळं सांग. एक सोडू नकोस."

घरी पोचेपर्यंत ताई बोलत होती आणि बाबा ऐकत होते. एकूण नऊ दोष निघाले. बाबांनी सात मान्य केले आणि दोनांवरून ते दोघं अजून भांडतात.

मित्रांनो, तुमच्याकडे लाकडाचं काही असेल तर त्याला त्याच्या कामाचं रोगण द्या, तुमच्या आवडीचं नव्हे. वापरून झालं की पुसा. ओलं कोंबून ठेवू नका. पोपडा उडालेला दिसला तर त्याच दिवशी हात मारा, उद्यावर ढकलू नका. आणि कुणी तुमच्यासाठी जीव ओतून काही केलं आणि ते फसलं, तर ते गॅलरीत लपवू नका. तसंच उचला, त्या माणसापुढे ठेवा आणि सांगा. तो चिडेल, त्याचे कान लाल होतील. तुम्ही तिथेच थांबा, कारण काचपेपर आणायला तो तुम्हालाच सांगणार आहे.